चंद्र साडेसात सेंटीमीटर लांब

मंगळवार, २३ मे

सत्तेचाळीस! आजपर्यंत माझा आकडा एकोणतीसच्या वर गेला नव्हता.

डोंगरावरच्या या वेधशाळेतून आम्ही सेकंदाला दहा वेळा लेझर मारतो. पन्नास वर्षांपूर्वी माणसं चंद्रावर आरशांची एक पेटी ठेवून आली, तिच्यावर. जायला-यायला अडीच सेकंद, त्यावरून चंद्राचं अंतर. एवढ्या सगळ्या प्रकाशातला एखादा फोटॉन परत येतो, आणि बऱ्याचदा तोही नाही. आज मात्र येतच राहिले, सत्तेचाळीस. स्क्रीनवर ठिपक्यांची सरळ रेघ पडली.

दिवस सुरू झाला तो वेगळाच. सकाळी बघते तर डिटेक्टरची केबल कुरतडलेली. लेरोट. उंदराएवढा प्राणी, डोळ्यांवर काळी पट्टी, दिसायला गोड आणि वागायला चोर. माझ्याबरोबर काम करणारे रेजिस दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. तीन वाजता समुद्राकडून ढग येणार हे दिसत होतं आणि चंद्रकोर वर आलेली. खणातली दुसरी केबल लावली, जुनी शेडमधल्या भंगारात टाकली. रेजिस एक वाजता आले ते थेट बाहेर खुर्चीत बसले. विमानं बघायला. आकाशात विमान दिसलं की हातातलं बटण दाबायचं, लेझर बंद. रडार आहे, पण नियमाने माणूसही लागतो.

ते बाहेर, मी आत. मधे इंटरकॉम.

"काय ब्रेस्तकर, किती?"

"सत्तेचाळीस."

"खोटं."

"येऊन बघा."

"आलो असतो. पण मग विमान कोण बघणार, तुझी आई?"

स्टेशनच्या वहीत मोठ्या अक्षरात ४७ लिहिलं. पान उलटलं. ढग आले.

गुरुवार, २५ मे

ढग. बेकरीत "एक बगेत द्या" म्हटलं. दिवसभरात तेवढं एकच वाक्य तोंडातून निघालं.

रविवार, २८ मे

आईचा फोन. घरी, ब्रेस्तमध्ये, पाऊस. "मित्र झाले का गं कोणी?"

म्हटलं झालेत की, रेजिस.

"वय काय त्याचं?"

"चौसष्ट."

मग म्हणाली, कायमची नोकरी नाही मिळाली तर सरळ घरी ये. करार तीस जूनला संपतो. मुलाखत चौदाला. एका जागेसाठी आम्ही तिघं. घरी जायचं नाही मला. तिकडे माझी जुनी खोली आहे आणि त्या खोलीतली जुनी मी आहे.

इथेही कोणी नाही. पण इथे चंद्र तरी कामाचा भाग आहे.

सोमवार, २९ मे

पेंटेकॉस्टची सुट्टी. दर सोमवारी समोरच्या टेकडीवरच्या खांबावर लेझर मारून बघतो. त्याचं अंतर मिलिमीटरपर्यंत माहीत आहे, म्हणजे आपलं यंत्र खरं बोलतंय की नाही ते कळतं. आज कोणीच नाही, म्हणून तेही नाही.

दिवसभर झोपले. संध्याकाळी चालायला गेले. मेंढ्या होत्या.

सोमवार, ५ जून

लिहून टाकते.

रेजिसनी सकाळी खांबावर मारलं. साडेसात सेंटीमीटर जास्त. परत मारलं. तेच. तिसऱ्यांदा तेच. "खांब चालायला लागला की काय," म्हणत टेकडीवर चालत जाऊन आले. खांब जागेवर.

मी तिथेच उभी होते आणि मला आठवलं. केबल. नवी केबल लांब होती. केबल जेवढी लांब, तेवढा सिग्नल उशिरा पोचतो, आणि आपल्याला वाटतं चंद्रच लांब गेला. म्हणून तर नियम आहे — केबलला हात लावला की आधी खांबावर मारायचं, वहीत लिहायचं, मगच चंद्र. तेवीस तारखेला मी चंद्रकोर बघितली आणि बाकी सगळं विसरले. सत्तेचाळीसच्या नादात.

तोंड उघडलं. रेजिस म्हणाले, "टेप आहे का गं मोजायची?" टेप दिली. ते शेडकडे गेले. तोंड मिटलं.

परत आल्यावर त्यांनी पॅरिसला फोन लावला, कारीन उदोला. सगळ्या स्टेशनांचे आकडे तिच्याकडे जातात. मुलाखतही तीच घेणार. स्पीकर चालू होता.

"कारीन, तेवीस मेपासूनचे आमचे सगळे आकडे साडेसात सेंटीमीटरने कमी कर."

"मी विचारणारच होते, तुमचा चंद्र पळाला कुठे? वर्षाला चार सेंटीमीटर सरकतो तो, दिवसात साडेसात नाही. काय झालं?"

"माझ्याकडून राहिलं काहीतरी. वय झालं, दुसरं काय."

मी स्क्रीनकडे बघत राहिले. स्क्रीन बंद होती.

मंगळवार, ६ जून

आज सांगणार होते. ते दिवसभर बाहेर खुर्चीत. इंटरकॉमवर कसं सांगायचं.

बुधवार, ७ जून

सांगितलं नाही.

शुक्रवार, ९ जून

रेजिसचा शेवटचा दिवस. एकतीस वर्षं.

बाहेर लांब टेबल मांडलं. कांदा पसरलेली, पिझ्झासारखी पिसालादिएर, ऑलिव्ह, रोझे वाइन. खालून गावातले लोक आले, कारीन पॅरिसहून. तिने भाषण केलं, छान केलं. शेवटी म्हणाली, "एकतीस वर्षांत या माणसाची एक चूक मला सापडली नव्हती. जाता जाता चंद्रच ढकलून दिला हो यांनी!"

सगळे हसले. ग्लास वर गेले.

रेजिस उठले. "मीच म्हटलं त्याला, जरा लांब हो बाबा. जवळचं दिसत नाही आता मला."

आणखी हसले. मीही हसले. दात दिसतील असं हसले. त्या वेळी एक वाक्य पुरलं असतं. दहा शब्द. वीस माणसं होती आणि माझ्या हातात ग्लास होता.

निघताना त्यांनी मला खुर्ची दिली. त्यांची, विमानं बघायची.

"पाठीला बरी आहे. डाव्या हाताला कापड फाटलंय, तिकडे रेलू नकोस."

"रेजिस—"

"हं?"

"काही नाही. थँक यू."

थोडा वेळ थांबले ते. मग गाडीत बसले. वळणावर धूळ दिसली, नंतर तीही नाही.

शनिवार, १० जून

नवा माणूस सोमवारनंतर येणार. एकटीने लेझर मारता येत नाही — एक आत लागतो, एक बाहेर. म्हणून सगळं बंद.

तरी खुर्ची बाहेर काढली आणि बसले. तीन विमानं. बटण दाबायची गरज नव्हती. एकतीस वर्षं हा माणूस इथे बसून वर बघत होता, कोणाच्या डोळ्यांना आपल्यामुळे काही होऊ नये म्हणून. आणि मी त्याच्याकडे बघून हसले.

सोमवार, १२ जून

कारीनला मेल केला. सात वेळा लिहिला. शेवटी एवढाच:

"तेवीस मेची चूक रेजिसची नाही. केबल मी बदलली आणि खांबावर न मारता चंद्रावर मारलं. पाच जूनला मला आठवलं आणि मी गप्प बसले. शुक्रवारीही गप्प बसले. मुलाखतीआधी तुम्हाला हे माहीत असावं."

पाठवलं. आईला फोन केला आणि काहीच सांगितलं नाही. पाऊस आहे का विचारलं. होता.

मंगळवार, १३ जून

कारीनचा फोन. आवाजावरून काही कळेना.

"रेजिसला माहीत आहे?"

"नाही. आधी तुम्हाला सांगितलं."

"त्याचं शुक्रवारी सगळ्यांसमोर मी हसं केलं."

"हो."

मग, "उद्या हा प्रश्न येणार. मीच विचारणार. उत्तर तयार करू नकोस. आणि आधी वहीत लिही. त्याच तारखेच्या पानावर, पेनने, सहीसकट. वही राहते, आपण जातो."

रेजिसना दोनदा फोन लावला. नुसती रिंग.

बुधवार, १४ जून

मुलाखत अकराला आहे. आठलाच वर आले. तेवीसचं पान त्या दिवसानंतर मी उघडलंच नव्हतं. आज उघडलं.

माझ्या मोठ्या ४७ च्या खाली बारीक अक्षरात, रेजिसच्या अक्षरात: "जुनी केबल कुरतडलेली, शेडमध्ये सापडली. नवी दहा सें.मी. लांब, म्हणून अंतर साडेसात जास्त. खांबावर मारायचं राहिलं. — ५ जून." त्याच्याखाली सहीसाठी रेघ आखलेली. रेघेवर कोणाचंच नाव नाही.

सगळं पेन्सिलने. खोडता येईल असं.

त्यांच्या अक्षरांवरून पेन फिरवलं. सही केली, आजच्या तारखेने.