गुरूऐवजी अल्लावा

कसंतीना, मंगळवार, २१ एप्रिल

प्रिय अल्लावास,

सलाम आणि थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. मी ठीक आहे, गुडघे सोडले तर. दोन वर्षं आपण बोललेलो नाही, तेव्हा अक्षर ओळखलंस की हे पत्र कचऱ्यात टाकशील. टाकू नकोस. पत्राच्या शेवटी तुझ्या जिवाचं एक काम आहे आणि ते होईपर्यंत मला चैन नाही.

पण दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. परवा तू आमच्या खगोल मंडळाच्या पडद्यावर झळकलास, पायजमा-बनियनवर आणि उलटा.

झालं असं की लेकीने, रादियाने, मला दुर्बिणीला लावायचा ग्रहांचा कॅमेरा पाठवला. डोळा लावायचं भिंग काढून तिथे हा डबीएवढा कॅमेरा खोचायचा आणि वायर लॅपटॉपला. फोटो नाही काढायचा, व्हिडिओ घ्यायचा. त्यातली हजारो चित्रं लॅपटॉप चाळतो, थरथरलेली फेकतो आणि स्वच्छ तेवढी एकावर एक रचतो. ऐकायला सोपं वाटतं. चार संध्याकाळी मला नुसता काळोख दिसला. एकदा झाकण काढायचं राहिलं होतं, ते रादियाला सांगू नकोस. बाकीचे तीन दिवस गुरू त्या नखाएवढ्या चौकोनात यायलाच तयार नाही.

रादिया फोनवर म्हणाली, "आई, आधी दिवसाउजेडी लांबची एखादी वस्तू मधोमध धर आणि मोठीच्या पाठीवरची नेम धरायची छोटी दुर्बीण तिच्याशी जुळव. फक्त लोकांच्या गच्च्यांवर रोखू नकोस, नाहीतर पोरीबाळींचे बाप जिना चढून येतील." म्हटलं, मग आपल्याच माणसाची गच्ची बरी. दरीपलीकडची तुझी पाण्याची टाकी धरली.

टाकीशेजारी तू होतास, खाली डोकं वर पाय, कारण दुर्बीण सगळं उलटंच दाखवते. आईच्या तांब्याच्या भट्टीवर नारिंगाच्या फुलांचा अर्क काढत होतास. सांध्याला कणीक धड लावली नव्हतीस आणि वाफ भसाभसा वाया चालली होती. "अरे कणीक लाव की गाढवा," मी माझ्या गच्चीवरून ओरडले. शेजारच्या हूरियाबाई ओले कपडे तसेच टाकून खाली पळाल्या.

मग मी रोज दुपारी जुळवणी करत राहिले. खरं म्हणजे ती पहिल्याच दिवशी झाली होती. आता माझ्याकडे गुरूचा एक व्हिडिओ आहे आणि तुझे अकरा. मंडळात दाखवायला नेमका तुझा नेला. पडद्यावर तू काख खाजवतोयस आणि बूजमा मास्तर गंभीरपणे विचारतात, "झुलीखाबाई, हा कोणता ग्रह?"

"माझा भाऊ," मी म्हटलं. दोन वर्षांत हा शब्द पहिल्यांदा तोंडातून निघाला आणि चारचौघांत मला रडू फुटलं. मास्तरांना वाटलं, व्हिडिओ चुकला म्हणून रडतेय. बिचाऱ्यांनी मला कॉफी पाजली.

दोन वर्षांपूर्वी, आई गेल्यावर चाळिसाव्या दिवशी सगळे कुसकुसच्या ताटाभोवती बसलेले असताना मी म्हणाले की भट्टी तू न विचारता उचललीस. ते खोटं होतं. आईने ती तुला दिली तेव्हा मी तिथेच उभी होते. मला हवी होती, एवढंच. माझं चुकलं, अल्लावा.

आता काम. ते अकराही व्हिडिओ मी एकेक चित्र थांबवून पाहिले. नऊ वेळा तू फुलांची पाटी खाली ठेवून बादलीवर बसतोस आणि छाती दाबून धरतोस. जिन्याचं दार हललं की हात काढतोस. म्हणजे घरात कुणाला सांगितलेलं नाहीस. ही चित्रं खराब आहेत, फेकू का, असं लॅपटॉपने विचारलं. मी फेकू दिली नाहीत.

रविवारी दहा वाजता हृदयाच्या डॉक्टरांकडे तुझं नाव घातलंय. नऊला मी पूल ओलांडून तुझ्या दारात येते. उघडलं नाहीस तर तो बनियनवाला व्हिडिओ तुझ्या गल्लीत भिंतीवर लावीन, सुलटा करून. माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस. डॉक्टरांशी बोल. मी बाहेर बाकावर बसते.

तोवर काही जड उचलू नकोस, मला इथून दिसतं.

तुझी थोरली,
झुलीखा