धकाते यांच्या घराचा रिकामा आवाज

मी, मनकर्णा रुपराव तितरमारे, वय एकसष्ट, धंदा व्हिडिओ काढणे, राहणार वाडी, अमरावती रोड, नागपूर, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने नव्हे की लाडीगोडीने नव्हे, स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते. छातीचं दुखणं आता बरं होणारं नाही, पण डोकं ठिकाणावर आहे. पुढचं वाचून कोणाला शंका आली, तर त्याने आधी काजलला विचारावं. तिनेही तो आवाज ऐकला आहे.

१. माझे यजमान रुपराव लग्नाच्या शूटिंगचं दुकान मागे ठेवून गेले. नवरीच्या मावशांवर लाइट मारत फिरणं मला लवकरच नको झालं. मग कॅमेरा उचलला आणि जिथे कोणी बोलावत नाही तिथे गेले. कुहीकडच्या गावांत रात्रभर चालणारं दंडारीचं लोकनाट्य काढलं, खाप्याच्या घाटावर धुणं धुताना गाणाऱ्या बाया काढल्या, आमच्याच रस्त्यावर ट्रकखाली गेलेल्या पोरांच्या आयांना बोलतं केलं. नातेवाईक मला बिनकामाची शूटिंगवाली म्हणत. म्हणोत बापडे.

२. कॅमेरा, माइक, कानाला लावायचे हेडफोन आणि आमचं चॅनल काजलला द्यावं. ती माझी कोणी लागत नाही, पण इतकी वर्षं माइक तिनेच धरला. अट एकच. बोलणं संपलं की त्या घरात सगळ्यांनी मिनिटभर गप्प राहायचं आणि रिकाम्या घराचा आवाज घ्यायचा. मुलाखत कापून जोडताना सांधे बुजवायला तो लागतो. पंखा, पाल, शेजारचा कुकर, जे असेल ते. ही सवय तिने सोडू नये.

३. पुतण्या ऋषिकेश यास काहीही देऊ नये. कारण लिहिते, म्हणजे कोर्टात उगाच कोणाचा वेळ जायला नको.

उमरेडला कुसुमताई धकाते यांच्याकडे आम्ही विणकरांवर व्हिडिओ करायला गेलो. त्यांचे यजमान गुलाबचंद जाऊन बराच काळ झाला होता. हातमाग त्याआधीच मोडून विकला होता. मागाचा खड्डा बुजवून त्यावर सोफा ठेवला होता. मिनिटभर सगळे गप्प बसलो, आणि हेडफोनमध्ये माग चालू झाला. ठक, मग जरा थांबून ठक. काजलने माझ्याकडे पाहिलं. तिने हेडफोन काढून माझ्या कानाला लावला.

मी तो कुसुमताईंच्या कानाला लावला. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "यायचाच ठोका हाय, आमच्या मालकाचा. डावा पाय दुखे, म्हणून असे थांबत."

त्या दिवसापासून त्यांना तो हेडफोनशिवायही ऐकू येऊ लागला. दुपारचं काम आटोपलं की सोफ्याजवळ खाली बसत, आणि फोनवर मला सांगत की आज जेवण गोड लागलं. मला त्याची भीतीही वाटे आणि हेवाही. माझे रुपराव गेल्यापासून कधी एक शब्द बोलले नाहीत.

ऋषिकेशने तो आवाज माझ्या कॉम्प्युटरवरून न विचारता उचलला आणि भुताचा माग म्हणून नेटवर टाकला. पत्ताही दिला, शहाण्याने. लोक मोबाइल, लिंबू, अगरबत्त्या घेऊन त्या घरात घुसले. सोफा सरकवून फरशी ठोकून पाहिली. माग बंद पडला. कुसुमताई रोज बसत आणि तशाच उठत. बाई दुसऱ्यांदा विधवा झाली, हे मी त्याला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "काकू, काहून एवढी तापून राहिली? व्ह्यूज तर आले ना."

४. वाडीची माझी खोली कुसुमताई धकाते यांना त्या जिवंत असेपर्यंत राहायला द्यावी. ऋषिकेश ती शेजारच्या गोदामवाल्याला विकायला टपून बसला आहे. म्हणून तर हा सगळा कागद.

या उन्हाळ्यात मी नवीन माइक तपासत होते. भरदुपार होती, बाहेर ट्रकांची घरघर. मिनिटभर खोलीचा आवाज घेतला आणि ऐकायला बसले. ट्रकांचा आवाज त्यात नव्हताच. ठक, मग जरा थांबून ठक. या खोलीत माग कधीच नव्हता. भीती वाटली. तरी पहिला फोन उमरेडला केला.

कुसुमताई मिळेल त्या बसने आल्या. पाणीही न पिता फरशीवर बसल्या आणि तिला तळहात लावला. मला म्हणाल्या, "यायले गर्दी सोसे नाही वं बाई. निवांत जागा पाहून आले." मग फरशीकडे वाकून हळूच म्हणाल्या, "मी आली. तुमी चालू द्या."

त्या अजून परत गेलेल्या नाहीत. मी पलंगावरून रोज ऐकते. आता भीती वाटत नाही, हे खरं सांगते.

५. माझ्या अंत्यविधीचा व्हिडिओ काढू नये.

हे मृत्युपत्र काजलने टाइप केलं, मी वाचून पाहिलं आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. सहीच्या वेळी खोलीत मी, काजल, कुसुमताई आणि साक्षीदार यांच्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं, असं वकिलाच्या नमुन्यात एक वाक्य होतं. ते खरं लिहिलं असं म्हणायला दोन्ही साक्षीदार तयार झाले नाहीत. म्हणून ते काढून टाकलं आहे.

लिहून ठेवणार: मनकर्णा रुपराव तितरमारे (सही)

साक्षीदार:
१. बापूजी वाघाडे (सही)
२. भागीरथा चौधरी (सही)

ठिकाण: वाडी, नागपूर
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५