विमानाचे दात

३ नोव्हेंबर, सोमवार

आज आठवा दिवस. हे अजून पलंगावर, तोंड भिंतीकडे. कोणी मेलं नाही, बायको पळाली नाही — रिमोटचं विमान पडलं! तेही निंबाच्या केळीत. निंबा माझा भाऊ, फोपनारला त्याचं शेत. तिथल्या मोकळ्या तुकड्यात हे दर रविवारी विमान उडवायचे.

लूमच्या कारखान्यातून रिटायर होऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून हा माणूस त्या जुन्या विमानासाठीच उठायचा, त्यासाठीच आंघोळ करायचा. मी हसायची. आता विमान नाही, तर आंघोळ पण नाही. मला माझा किटकिट करणारा नवरा परत पाहिजे. हे गाठोडं नको.

४ नोव्हेंबर, मंगळवार

विमान मीच उघडलं. पंख मधून फाटला होता, गोंदानं चिकटवला. पुढच्या पंख्याच्या मागे एक पांढरं दातेरी चाक आहे, बशीतल्या बिस्किटाएवढं. त्याचे चार दात उडाले. बस्, एवढंच! एवढ्यासाठी आठ दिवसांचं सुतक!

६ नोव्हेंबर, गुरुवार

वैजयंतीला फोटो पाठवला. पोरगी इंदूरला असते, तिनं तिथल्या खेळण्यांच्या दुकानातून फोन केला. "मम्मी, ते मॉडेलच बंद झालं. दहा वर्षं झाली म्हणे." मी म्हटलं, दे दुकानदाराला फोन.

"आंटीजी, पार्ट नहीं आएगा. ड्रोन ले जाओ, अंकल खुश हो जाएंगे."

"अंकलला बायको जुनी चालते, विमान पण जुनंच चालेल!"

त्यानं फोन वैजयंतीला देऊन टाकला.

हे भिंतीशीच बोलले, "नाही मिळणार. राहू दे."

तुम्हाला विचारलं कोणी?

९ नोव्हेंबर, रविवार

रविवार. गेले नाहीत. वरणात मीठ घालायचं राहिलं, तरी काही बोलले नाहीत.

१२ नोव्हेंबर, बुधवार

डोक्यात आलं — ह्या गावात लूमचा कुठला पार्ट बनत नाही? लोधीपुऱ्यात दत्तात्रय खरादीकडे गेली, तो लेथवर लूमचे पार्ट कापतो. चाक त्याच्या हातावर ठेवलं. त्यानं उलटं केलं, सुलटं केलं.

"भाभी, हे लूमचं नाही."

"विमानाचं आहे."

"लीलाधरभाऊंनी विमान घेतलं?"

"हो, अंगणात लावलंय. बनवतो का नाही ते सांग."

त्यानं कोपऱ्यातून एक जुना पिकर काढला. लूममध्ये धोट्याला ठोसा मारतो तो नायलॉनचा ठोकळा. म्हणे, ह्यातून कापतो, शंभर वर्षं झिजणार नाही. मी बजावलं — "अगदी ह्या नमुन्यासारखंच पाहिजे. केसाचा फरक नको. फरक पडला तर तोंडावर फेकीन!"

"दत्तूकडून फरक होत नाही, भाभी."

१५ नोव्हेंबर, शनिवार

काय लिहू! दत्तूनं चाक दिलं, कागदात बांधून. घरी येऊन उघडलं. सुरेख, चकचकीत. आणि चार दात नाहीत!! तुटक्यात जिथं नव्हते, बरोबर तिथंच नाहीत!

तशीच चप्पल घालून परत गेली.

"माझे चार दात कुठं आहेत?"

"नमुन्यात नव्हते."

"अरे मुर्दाड, ते तुटले म्हणून तर आली ना मी!"

"तुम्हीच म्हणल्या, केसाचा फरक नको. मी तर पूरे दात कापले होते. मग हे चार बसून घासले. त्यालाच जास्त टाईम लागला!"

वरून तोंड असं, जसं मीच त्याची मेहनत वाया घालवली. त्याचं पण काय चुकलं? इथले लूमवाले असेच. नमुन्याला चरा असला आणि नव्याला नसला, तरी भांडायला येतात. तीस वर्षं तो नमुन्याला नमुना करू राहिला. मला हसू येऊ राहिलं, पण तोंड कडक ठेवलं.

"आता चार लाव."

"दात लावायला मी डॉक्टर आहे का? नवीनच करावं लागेल."

"मग कर. मी इथंच बसते."

बसली. पूरे दात मोजून घेतले, मगच उठली.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. मग पलंग हलायला लागला. "दत्तूनं... घासून काढले?" उठून बसले! खोकला येईपर्यंत हसले. नवीन चाक हातात घेतलं, अंगठ्यानं एकेक दात चाचपला. "पक्कं केलं गं."

आणि मग म्हणे, "पण आता राहू दे. ह्या वयात शोभत नाही."

मी म्हटलं, उद्या आंघोळ करून तयार राहा, नाहीतर विमान चुलीत घालते.

१६ नोव्हेंबर, रविवार

आंघोळ केली!! दाढी पण! फोपनारला रिक्षानं गेलो. चाक ह्यांनीच बसवलं, पाच मिनिटांत. मग रिमोट माझ्या हातात दिला.

"तू उडव."

"मी? चौथी नापास बाई मी!"

"विमानाला मार्कशीट दाखवायची नाही. डावी दांडी वर कर."

निंबानं पळत जाऊन विमान फेकलं. मी दांडी वर केली आणि ते गेलं की वर! लूमसारखं घरघरत! निंबा ओरडू राहिला, "अक्का, केळीवर नको! पोटावर पाय देऊ नको माझ्या!" मी दोघांना शिव्या घालू राहिली, विमानाला पण. केळीवरून फिरून आलं, नाकावर उतरलं, काही तुटलं नाही. हे टाळ्या वाजवत होते. "शाब्बास! एकदम सरळ गेलं!"

लग्नाला एकतीस वर्षं झाली. पहिल्यांदा स्वतःची वस्तू अशी माझ्या हातात दिली. गालातल्या गालात हसत घरी आली मी.

१७ नोव्हेंबर, सोमवार

भांडी घासताना हात थांबला. विमान सरळ गेलंच नव्हतं. माझ्या मागे, केळीवर फिरत होतं. आणि हे रस्त्याकडे मान वर करून टाळ्या वाजवत होते.

जाऊन समोर उभी राहिली. "लांबचं कधीपासून दिसत नाही?"

"गणपतीपासून." मग रिमोट पुसत म्हणाले, "विमान पडलं तेव्हा वाटलं, आता तू विचारशील कसं पडलं. तू चाकाच्या मागे लागलीस."