स्पर्धकांच्या यादीतले बाबा

बाबा, यंदाच्या पेरणीत मला तुम्ही ऑफिसच्या स्क्रीनवर दिसलात. नाव नव्हतं, पण तुम्हीच. तेल्हाऱ्याकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आमच्या कंपनीच्या पानावर लिहिलं होतं, "अकोल्यात स्टँडजवळ बियाण्याच्या दुकानात एक भाऊ होते. ते असते तं त्याईनं हे सोयाबीन मले हातातबी घेऊ देल्लं नसतं." आमच्या सॉफ्टवेअरने हे वाक्य उचललं, आमच्या मालाची दुसऱ्या कुणाशी तुलना झालेली पाहिली आणि तुम्हाला नेऊन स्पर्धकांच्या यादीत टाकलं. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, दुकानाच्या जागी आता मोबाईलची दुरुस्ती चालते, आणि तुम्ही माझ्या कंपनीचे स्पर्धक आहात. मी हसले. पण हसू टिकलं नाही, कारण यंत्राचं काही चुकलं असं मला वाटेना.

मी काय काम करते ते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. मी अकोल्यातल्या एका बियाण्याच्या कंपनीत ब्रँड सांभाळते. त्यासाठी एक सॉफ्टवेअर आहे. शेतकरी आमच्याबद्दल फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, आमच्या पानावर जे बोलतात ते सगळं ते गोळा करतं आणि माणूस खूश आहे की नाराज ते रंगाने दाखवतं, हिरवा किंवा लाल. आणि आम्ही जे बोलतो त्यालाही ते गुण देतं: वाक्यात आपुलकी किती, आदर किती, जाणकारपणा किती. कंपनीचा आवाज सगळीकडे एकसारखा असावा, फोनवरच्या मुलीचा आणि पोत्यावरच्या छापील मजकुराचाही, एवढ्यासाठी हा खटाटोप. तुम्ही असता तर म्हणाला असता, आवाजाले यंत्र काहून लागते. 

सुरुवातीला त्या यंत्राला आपली भाषा कळत नव्हती. कुणी लिहिलं, "काहून बे, मागच्या साली चांगलं होतं, यंदा कुठं लपून राहिले," की ते लाल व्हायचं. मी तीन महिने बसून हजारो वाक्यं वाचली आणि त्याला शिकवलं, की हे भांडण नाही, ही ओळख आहे. आमच्याकडे राग नसला तरी माणूस असाच बोलतो. आमच्या सरांनी, म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुखांनी, बैठकीत सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. घरातली पहिली पदवीधर मी, आणि ज्या बोलीला अमरावतीच्या कॉलेजात घासून घासून जिभेवरून काढलं होतं, तिनेच मला पाय रोवायला जागा दिली. मार्चमध्ये सर म्हणाले, हा हंगाम नीट जाऊ दे, तुला कायम करतो. मला खरंच वाटायचं की हे काम चांगलं आहे. शेतकऱ्याचं म्हणणं कुणीतरी रोज ऐकतं आणि मोठ्या टेबलापर्यंत पोचवतं, ही लहान गोष्ट नाही. अजूनही तसंच वाटतं.

पण तुम्हाला माझा राग सांगायचा आहे. राग म्हणते, खरं तर तो हेवा आहे. दुकानात तुम्ही जसे बोलायचात तसे घरी कधी बोलला नाहीत. घरी तुम्ही तीन शब्दांचे माणूस. "वाढ." "लाईट गेली?" "झोपा आता." आई म्हणायची, सगळं बोलणं तिकडं संपवून येतात, आपल्याले उरलंसुरलं. मी दहावी झाले तो दिवस आठवतो? निकालाचा कागद घेऊन मी धावत दुकानात आले. जूनची गर्दी होती. तुम्ही काउंटरवर ओलं गोणपाट पसरलं आहे. पातूरकडच्या एक बाई समोर उभ्या आहेत, ज्यांना तुम्ही आपा म्हणायचात. त्यांचं भाजीचं रान होतं. त्यांच्यासोबत माझ्याच वयाची मुलगी. विक्रीला काढण्याआधी प्रत्येक खेपेतले शंभर दाणे तुम्ही गोणपाटावर ओळीने मांडून, गुंडाळी करून, सुतळीने बांधून, दुकानाच्या मागच्या सावलीत ठेवायचात. उगवण बघायची वेळ आली की गिऱ्हाइकालाच म्हणायचात, "तुमीच उघडा, तुमीच मोजा." त्या दिवशी आपांनी गुंडाळी उघडली आणि त्यांची मुलगी भेंडीचे मोड बोटाने मोजू लागली. मी कागद घेऊन उभी. तुम्ही माझ्याकडे न बघता हाताने बाकाकडे दाखवलंत. मी बाकावर बसले.

मुलीचं मोजणं दोनदा चुकलं. तुम्ही चिडला नाहीत. तिसऱ्यांदा तुम्हीच तिच्यासोबत मोजलंत. आपा म्हणाल्या, "भाऊ, बराबर हाये ना? इच्या अब्बाची तबेत बरी नाही, यंदा हेच पेरनार हाये." ती मुलगी तुमच्याकडे बघत राहिली. तुम्ही तिला म्हणालात, "घाबरू नोको माय. नाही उगोली तं येऊन मले सांगजो. मी इथंच आहो." इतक्या हळू आवाजात तुम्हाला बोलताना मी तोवर ऐकलं नव्हतं. मग त्या गेल्या, तुम्ही हात पुसलेत, माझा कागद घेतलात, वरपासून खालपर्यंत वाचलात, घडी घालून परत दिलात. "बरं झालं. घरी आईले दाखव." आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारलीत. बाकावर बसून मी मोजत होते तो तास अजून माझ्यात कुठेतरी तसाच आहे.

तुम्ही गेलात तेव्हा मी अमरावतीला दुसऱ्या वर्षाला होते. घरी पोचले तर अंगणात उभं राहायला जागा नाही. तेल्हारा, पातूर, कुठून कुठून माणसं आली होती. एक माणूस मला सांगत होता की त्याच्या गुडघ्याला कुठलं तेल लावायचं ते भाऊंनीच सांगितलं. एकाला तुम्ही त्याच्या पोरीसाठी स्थळ सुचवलं होतं. आणि ती मुलगी, जिने भेंडीचे मोड मोजले होते, माझा हात धरून माझ्यापेक्षा जास्त रडली. "मले तं भाऊ ओरडलेबी," ती म्हणाली, "आन शिकोलंबी." मला तिचा हात झटकून टाकावासा वाटला. मी झटकला नाही, पण माझा हात लाकडासारखा केला. तिला ते कळलं असावं, कारण तिने तो सोडला.

आता यंदाचं सांगते. आमचं सोयाबीन काही गावांत नीट उगवलं नाही. पहिल्या आठवड्यात स्क्रीन लाल झाली, शिव्या, फोटो, सगळं. मी रोज उत्तरं लिहिली. आपुलकीला पैकीच्या पैकी, आदराला पैकीच्या पैकी. आणि दुसऱ्या आठवड्यात स्क्रीन हिरवी होऊ लागली. शेतकरी लिहायला लागले, "आपले मनःपूर्वक आभार, साहेब." "आपण उत्तर दिले, आपली कृपा." सर खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, "लॅबचा रिपोर्ट तर चांगलाच होता. आता लोकही शांत झाले. गोदामातली उरलेली पोती पुढच्या मंगळवारी तेल्हाऱ्याला पाठवू, दुबार पेरणीला लागतील." मी मान हलवली. त्याच दुपारी त्या म्हाताऱ्याचं वाक्य स्पर्धकांच्या यादीत आलं.

ते वाचलं आणि तुमचं धावणं आठवलं. मी आठवीत असेन. दुकानात एक माणूस बियाण्याबद्दल बोलत होता, रोजचाच, तुम्हाला अरेतुरे करणारा. तुम्ही कशावरून तरी घाईत त्याला तोडून बोललात. तो थांबला आणि म्हणाला, "बरं आहे साहेब. येतो मी." आणि गेला. तुम्ही दोन मिनिटं हातातलं माप तसंच धरून उभे राहिलात, मग अनवाणी रस्त्यावर पळालात, स्टँडपर्यंत. आई डबा घेऊन आली होती, ती कपाळाला हात लावून म्हणाली, "गिऱ्हाईक सोडून कुठं चालले हे?" परत आलात तेव्हा तो माणूस सोबत होता आणि तुम्ही दोघं एकमेकांना शिव्या देत होतात. नंतर तुम्ही आईला म्हणालात, "मले साहेब म्हने तो. म्हंजे मानूस गेला ना आपल्या हातचा." त्या वर्षांत गावोगाव शेतकरी जीव देत होते, ते घरात कुणी बोलायचं नाही, पण गोड बोलून गप्प गेलेला माणूस तुम्हाला सोसवत नव्हता, एवढं मला बाकावरून दिसायचं.

आणि मी यंत्राला काय शिकवलं? आपल्या माणसाचं खरखरीत बोलणं म्हणजे राग नव्हे, एवढंच. त्याचं गुळगुळीत बोलणं म्हणजे काय, हे शिकवायचं माझ्याकडून राहून गेलं. कॉलेजात मीच ते गुळगुळीत बोलणं चांगलं म्हणून शिकले होते. माझी हिरवी स्क्रीन म्हणजे आम्हाला साहेब म्हणून निघून चाललेली माणसं होती.

तेव्हाच सरांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. ती हिरवी स्क्रीन माझी कमाई होती, आणि नोकरी कायम व्हायची होती. मी गोदामात गेले आणि उरलेल्या पोत्यांतून मूठ मूठ सोयाबीन घेतलं. हमाल गाडीतून पोती खाली आपटत होते. सोयाबीनचं साल पातळ असतं, पोतं आपटलं की आतला दाणा मरतो आणि वरून काही दिसत नाही, हे तुम्ही दर गिऱ्हाइकाला सांगायचात. मला कधी सांगितलं नाहीत, मी ऐकलं. घरी शंभर दाणे मांडले, गुंडाळी बांधली आणि न्हाणीच्या कोपऱ्यात ठेवली. आई म्हणाली, "गोनपाट आलं का पुन्हा घरात?" आणि बराच वेळ दारात उभी राहिली. मी रोज पाणी शिंपडत होते आणि रोज ऑफिसात गप्प बसत होते. सातव्या दिवशी, मंगळवारी सकाळी, ती गुंडाळी न उघडता डब्याच्या पिशवीत घालून नेली. गाडी फाटकात उभी होती.

सरांच्या टेबलावरचे कागद मी बाजूला केले. म्हणाले, "सर, तुम्हीच उघडा. तुम्हीच मोजा." त्यांनी माझ्याकडे बघितलं, सुतळी सोडली. एक एक दाणा मोजला. निम्मेही उगवले नव्हते, कित्येक दाणे कुजून बोटाला चिकटत होते. सर माझ्याशी नेहमी पुस्तकी मराठी बोलतात. त्या दिवशी म्हणाले, "अरे बापा. काहून सांगतलं नाही तू पयले?" मी म्हटलं, स्क्रीन माझी होती म्हणून. ते उठले, खिडकीतून हमालांना ओरडले, गाडी रिकामी करायला लावली.

दोन दिवसांनी बैठक झाली. ज्यांचं उगवलं नाही त्यांना चाचणी केलेलं बियाणं बदलून द्यायचं ठरलं. शेतकऱ्यांना काय कळवायचं ते मी लिहून नेलं होतं: "नाही उगवलं तर येऊन सांगा. आम्ही इथेच आहोत." सॉफ्टवेअरने त्याला आदराचे गुण फार कमी दिले. सर म्हणाले, "राहू दे, हेच जाईल." आता ते प्रत्येक पोत्यावर छापलं जातं. त्या तेल्हाऱ्याच्या म्हाताऱ्याने परवा लिहिलं, "आलं का बे शहाणपन." यंत्राला काय वाटलं ते मी पाहिलंच नाही. मी मात्र ते वाक्य चारदा वाचलं. मी कायमही झाले. सगळं नीट झालं, आणि तरी घरी येताना रिक्षात मला तुमचा हेवा वाटत होता. चार वर्षं शिकून, तीन महिने यंत्राला शिकवून, मी शेवटी जे बरोबर केलं ते सगळं तुमचं होतं, आणि तेही तुम्ही दुसऱ्यांना दिलेलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. आईला दाखवलं तर ती रडेल, आणि त्यातलं एक तिला कळू नये. बैठकीत सरांनी विचारलं होतं, हे वाक्य कुठून आणलंस. मी म्हणाले, बाबांनी मला शेजारी बसवून गोणपाट मांडायला शिकवलं, आणि अमरावतीला जाताना बसच्या खिडकीशी येऊन ते मलाच म्हणाले होते, "येऊन मले सांगजो, मी इथंच आहो." एका मुलीने डोळे पुसले.

खरं तर बसच्या खिडकीशी तुम्ही म्हणाला होतात, "पिशवी सांभाळजो." आणि दुकान उघडायला निघून गेलात. पातूरच्या त्या मुलीचं वाक्य मी घेतलं, बाबा. परत करणार नाही.