बाऊ गावचे बाउअर

ईडन प्रेरी, मिनेसोटा

तीर्थरूप शैलावन्सं यांच्या पायाशी शोभनाचा नमस्कार.

तुमचे गुडघे आता चालते झाले असतील. (नसतील तर फोनवर "बरी आहे" म्हणत जाऊ नका. तुमचे भाऊही शेवटपर्यंत तेच म्हणत होते.) मी खाते, झोपते, वाचते. हे गेल्यापासून घर इतकं शांत आहे की फ्रीजसुद्धा बोलका वाटतो. नेत्रा आणि जावई ऑफिसात, म्हणून विहीणबाईंनी, डॉरथी बाउअरनी, मला एक काम दिलं. त्यात मी तोंडावर आपटले, हे तुम्हालाच सांगता येईल.

त्यांचे यजमान वॉल्टर जाताना एकच सांगून गेले, माझ्या थडग्यावर आपल्या मूळ गावाचं नाव घाला. पणजोबा योहान जर्मनीतून आले, पण कुठल्या गावाहून ते कुणालाच ठाऊक नाही. इथल्या सगळ्या कागदांत नुसतं "जर्मनी". (आपण पाकिटावर "हिंदुस्थान" लिहून पोस्टमनवर विसंबावं तसं.) डॉरथीला आता बारीक अक्षर दिसत नाही, आणि बर्फ पडायच्या आत दगड कोरणारा यायचा होता. मी म्हटलं, सोपं आहे. कराडचे कराडकर, तसे बाऊचे बाउअर. महिनाभर बाऊ शोधलं. लायब्ररीतल्या बाई नकाशे आणून थकल्या, मग त्यांनीच हळूच सांगितलं की बाउअर म्हणजे शेतकरी. म्हणजे मी इतके दिवस कुणब्यांचं कुणबगाव हुडकत होते.

मग चर्चची जुनी वही मिळाली. त्या जुन्या जर्मन हस्ताक्षरात ई आणि एन जुळी भावंडं. पुस्तकावरून गिरवून गिरवून शिकले. योहानपुढे जन्मगावाच्या रकान्यात सापडलं, एबेनडाझेल्बस्ट. त्याच्याखालच्या सगळ्यांचंही तेच. अख्खं गाव एका बोटीत बसून आलं, या कल्पनेने मला रडू आलं. डॉरथीने केकवर ते नाव घालून घेतलं आणि चर्चमध्ये वाटायला नेला. तिथल्या निवृत्त पाद्रीबाबांना जर्मन येतं. त्यांनी नाव वाचलं आणि काटा खाली ठेवला. एबेनडाझेल्बस्ट म्हणजे "त्याच ठिकाणी". आपल्या कचेरीतलं "वरीलप्रमाणे", वन्सं. वर म्हणजे मागच्या पानावर, आणि मागचं पान पाण्याने धुऊन गेलेलं.

परतताना गाडीत मी माफी मागितली. डॉरथी म्हणाली, "शोबाना, तेच कोरू दे. वॉल्टरला काय जेवणार विचारलं की 'कालचंच' म्हणायचा. वर त्याचं नाव, खाली माझं, त्याखाली वरीलप्रमाणे. यात खोटं काय आहे?" तिने माझी समजूत काढली, मी हसलेही. पण त्या माणसाने एकच गोष्ट मागितली होती, आणि ती आता सांगणारं कुणी उरलेलं नाही.

घरातल्यांना ज्याच्या त्याच्या वयाप्रमाणे नमस्कार किंवा आशीर्वाद वाटून द्यावा.

तुमची
शोभना

ता. क. नेत्रा तळ्याकाठी यांच्या नावाचं दगडी बाक बसवते आहे. कोरणारा तोच. त्याने यांचं गाव विचारलं, मी ऐटीत बोरगाव सांगितलं. नेत्राने फोनवर पाहिलं, तर बोरगावं पायलीला पन्नास. हे दोन वर्षांचे असताना तुम्ही गाव सोडलंत. मी ते कधी पाहिलं नाही, आणि यांनाही आठवत नव्हतं. तालुका कळवा.

आणखी एक ता. क. "आपलं नेहमीचं बोरगाव" असं लिहू नका. बुद्रुक की खुर्द, तेही लिहा.