पिशवीचं ऑपरेशन

४ जाने.
रिपोर्ट आला. डाव्या स्तनाचा कॅन्सर. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, बरं केलं. गाठ लहान आहे. आधी ऑपरेशन, मग किमो, लांबवू नका. हे बाहेर आले आणि पार्किंगवरून वॉचमनशी भांडले.  घरी टाकव्यापर्यंत गाडीत रेडिओ चालू.

५ जाने.
घरात सभा. अध्यक्षस्थानी थोरल्या जाऊबाई. (इथून पुढं थो. जा. पूर्ण नाव लिहिण्याएवढा मान उरला नाही.) विषय माझा जीव नव्हता, लेकीचं, प्राचीचं लग्न होतं. इंदुरीचं स्थळ, वैशाखात तारीख. थो. जा. म्हणे, "आईला असलं निगालं म्हणल्यावर पोरीलाबी हुईल म्हणून मोडत्याल. लगीन होऊ द्या, मंग काय ते बगू." हे मान डोलवत बसले. मी म्हटलं, ऑपरेशन थांबणार नाही. तर लगेच दुसरी युक्ती: "मंग पिशवीचं सांगा."
गर्भपिशवी काढणं आमच्याकडे इतकं सर्रास की कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही. ठरलं.
प्राची एकटी बोलली, "लपवून मला लग्न नको." तिला चहा ठेवायला पाठवलं.
मी गप्प बसले. मुलगा चांगला आहे. भीती मलाही वाटते.

९ जाने.
हॉस्पिटलातल्या सिस्टरला सगळं विचारलं, लाज न बाळगता. तपासणीची सुई लावली म्हणून कॅन्सर पसरत नाही (थो. जा. चं ठाम मत, पसरतो). आईला झाला म्हणजे मुलीला होणारच असं नाही, पण प्राचीनं पुढं तपासत राहायचं. माझ्या आजी-मावश्यांचंही विचारलं त्यांनी. इतकं साधं होतं विचारणं. घरातल्या एकाही शहाण्याला सुचलं नाही.

२४ जाने.
ऑपरेशन झालं, डावा स्तन काढला. घरी. बरगडीपाशी नळी, तिला बाटली.
बायका बघायला येतात. केळी, बिस्किटं, ज्ञान. "वजन उचलू नगा, अंग बाहेर यील." मी पोटावर हात ठेवून हो हो म्हणते. दुखतंय भलतीकडेच. थो. जा. दाराशी उभी राहून पिशवी केवढी सुजली होती ते हाताने दाखवते. नाटकात जायला हवी होती.
मी स्वयंपाकाला जाते त्या फार्महाऊसच्या मालकाचा मेसेज: शनिवारी पाहुणे आहेत, मावशींच्या हातचं पिठलंच हवंय. घाला खड्ड्यात.

७ फेब्रु.
सिस्टरने बळेच तळेगावच्या कॅन्सरवाल्या बायकांच्या गटात पाठवलं. गुलाबी फुगे, भिंतीवर 'योद्धा' वगैरे. एक पाहुण्या बाई आम्हाला हसायला शिकवत होत्या. उठून निघणार होते.
त्या गेल्यावर शैलाताई म्हणून आहेत त्यांनी दार लोटलं, ब्लाउजमधून स्तनाच्या जागी घातलेली छोटी उशी काढून माझ्या हातात दिली. बाळाच्या डोक्याखाली घालतात तशी, मोहरीची. "वजन बरोबर लागतंय. शिवून दीन तुला." मग एकेक जण बोलायला लागली. गावात काय सांगितलंय? निम्म्याजणी म्हणाल्या, पिशवी. आम्ही हसलो, त्या बाईंनी शिकवलं तसं नाही. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच पोटभर रडलेही.

१४ फेब्रु.
परवा पहिली किमो झाली. तोंडाला लोखंडाची चव. केस जाणार, हे नक्की. पिशवी काढून टक्कल पडत नाही, एवढं थो. जा. लाही कळतं. तिचा तोडगा: "तिरुपतीला दिलं म्हणायचं." मी कधी गेले तिरुपतीला? "गेलतो म्हणायचं." ह्यांना पटलं! माणसं आहेत का कोण आहेत.

२२ फेब्रु.
तळेगावात लग्नाचा बस्ता. साड्या झाल्यावर विहीणबाईंनी सगळ्यांना बांगड्या भरायला बसवलं. थो. जा. ने माझा डावा हात धरून पुढे केला. मी ओढून घेतला. काखेतल्या गाठी काढल्यात, त्या हाताला सुई, ओरखडा, घट्ट काही नको, सूज येते, असं सिस्टरने बजावलंय. मी म्हटलं, "उजव्यातच भरा."
विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मग स्वतःची पाळी आली तेव्हा त्यांनीही उजवाच दिला.
थो. जा.: "आवो, एकाच हातात? बरं दिसतंय व्हय?"
त्या शांतपणे म्हणाल्या, "पिशवी काडल्यापासनं डाव्या हातात भरत न्हाई मी."
थो. जा. ने मान डोलवली. पटलं तिला! पिशवीचा डाव्या हाताशी काय संबंध, हे तिनं विचारलं नाही. मीही नाही विचारलं. विहीणबाईंसोबत बसून चहा प्याले, साड्यांचं बोलले. थो. जा. इतकीच मीही भेकड.

१ मार्च
सकाळी उशीवर केसांचे पुंजके. प्राचीनं झाडून काढले. थो. जा. कुठूनतरी तिरुपतीच्या लाडवाचा डबा पैदा करून आली, पुरावा म्हणून. तो डबा बघून डोकंच फिरलं. तिच्यादेखत फोन उचलला, इंदुरीला लावला.
"विहीणबाई, माझं ऑपरेशन पिशवीचं नव्हतं. छातीचं होतं. कॅन्सर. तुमचं कशाचं होतं?"
 तिकडे मागे कुणाचा तरी हसण्याचा आवाज, कपबशा. मग अगदी हळू: "हितं समदी बसल्यात. कुणालाच ठावं न्हाई. पोरालाबी न्हाई. सांजच्याला करते फोन."
प्राचीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "करतील त्या फोन."
दिवेलागण झाली. फोन अजून नाही.