पोटात ठेवलेलं

प्रिय आई,

फोनच केला असता, पण फोनवर तू विषय बदलतेस, आणि तेही जमलं नाही तर दारावर कुणीतरी आलंय म्हणून ठेवून देतेस. पत्र मात्र तू शेवटपर्यंत वाचशील, जन्मभर मुलांचे निबंध तपासलेस ना! म्हणून लिहितेय. आधी बातमी: इशिताने काल गव्हाची पोळी खाल्ली, तूप-साखर लावून. मीच दिली. आता रागाव.

मे महिन्यात तुझ्याकडून, पुण्याहून, परतलो तेव्हापासून तिच्या पोटाचं सुरू झालं, हे तुला माहीतच आहे. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. तरी शाळेची वेळ झाली की पोर गुडघे पोटाशी घेऊन रडायची. मग ज्याला त्याला वैद्यकी सुचली. तुझ्या जावयाच्या, अंशुमनच्या, ऑफिसातल्या मॅडमनी गहू बंद करायला सांगितलं, इंटरनेटवरच्या डाएटवालीने दूध, आणि तू कांदा-लसूण, डाळी नि बाहेरचं सगळंच. मी सगळ्यांचं ऐकलं. इथे दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या या क्वार्टरमध्ये, सात वर्षांच्या मुलीसाठी भात, दुधी आणि केळं एवढंच उरलं. वजन उतरलं. शेजारच्या ऋग्वेदच्या वाढदिवसाला पोरं छोले-भटुरे हाणत होती आणि आमची बाई डबा उघडून दुधी-भात! त्याच्या आजीने विचारलं तर म्हणाली, "दादी, मुझे खाने से डर लगता है." त्या वाक्याने माझं डोकं फिरलं. अन्नाची भीती मला माझ्या घरात नको.

बालरोगतज्ज्ञांकडे पुन्हा गेले. त्या म्हणाल्या, दुखणं खरं आहे, नाटक नाही. आतडी निरोगी आहेत, पण हळवी झालीत. आपल्या मनाने एकेक पदार्थ बंद करत गेलात तर पोट सुधारत नाही, मूल मात्र खंगतं. काढलेलं हळूहळू परत द्या, शाळेत पाठवा, आणि सारखं दुखतंय का म्हणून विचारू नका. घरी येऊन मी फ्रिजवरचा, काय काय वर्ज्य ते सगळं तू लिहून पाठवलेला तक्ता काढून टाकला. दही आलं, मुगाची डाळ आली, लसणाची फोडणी आली. अजूनही अधूनमधून दुखतं, पण थांबलं की ती खेळायला पळते. कुणी कितीही नाकं मुरडा, माझ्या लेकीच्या ताटातला एक घासही आता कमी होणार नाही. तुझ्या सांगण्यानेसुद्धा नाही.

आता त्या पोळीचं. खाता खाता ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "आई, पोळीला जागा होईल ना? आजीची बात पण पोटात आहे." कसली बात म्हटलं, तर तोंडावर हात. तू तिला म्हणाली होतीस ना, आईला सांगू नकोस, पोटात ठेव? अगं, दिल्लीत वाढलेली पोर ती! तिच्या लेखी पोटात ठेवायचं म्हणजे पोटातच. मे महिन्यापासून बिचारी सांभाळत होती. दुखलं की तिला वाटायचं, आजीची गोष्ट हलतेय. त्यानेच दुखत होतं असं मी म्हणत नाही, डॉक्टरही म्हणणार नाहीत. पण सांगून टाकल्यावर तिने दुसरी पोळी मागितली.

तुझ्या काखेतली गाठ, आई. तू ब्लाउज बदलताना तिने पाहिली आणि तू तिला गप्प केलंस. आम्हाला घोर नको म्हणून, एवढं कळतं मला. पण सोसण्यात मोठेपणा असतो हे तुझं म्हणणं मी लहानपणापासून ऐकत आलेय, आणि आज पहिल्यांदा सांगतेय की ते मला साफ नामंजूर आहे. घाबरलेय मी, खूप. तरी येत्या शनिवारी मी पुण्यात येतेय आणि सोमवारी तुझ्यासाठी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. सबबी शोधत बसू नकोस. या वेळी दारावर खरंच कुणीतरी आलेलं असेल. उघड.

तुझीच, तुझं न ऐकणारी,
संपदा